मॉसपच्या तेवीस मेंढ्या

शनिवार, २८ सप्टेंबर

अडतीस मेंढ्या विकल्या. सकाळी सहाला ट्रेलर जोडला, दोन फेऱ्या केल्या, मग मार्टमध्ये, म्हणजे जनावरांच्या लिलावाच्या बाजारात, साडेतीन तास उभी होते. तेवढ्या वेळात एकही माणूस माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलला नाही. माना हलवतात, टोपीला बोट लावतात, आणि मी पुढे गेले की आपसात बोलायला लागतात.

लिलावाच्या रिंगणाला टेकून आयझॅक मॉसप उभा होता. आमचा शेजारी, वय एकाहत्तर. आमच्या डोंगराची पूर्वेची बाजू त्याच्या मेंढ्यांची, पश्चिमेची आमच्या. त्याने माझा कळप आत येताना पाहिला आणि विचारलं, "सगळ्याच?"

"सगळ्याच," मी म्हटलं.

"यशला माहीत आहे?"

यश म्हणजे यशोधन, माझा नवरा. मी ऑफिसकडे चालू लागले, बोली कोण लावतंय ते पाहायलाही थांबले नाही. दक्षिण इंग्लंडात, रीडिंग शहरात, चौदा वर्षं मी विमा कंपनीत जोखमीचे आकडे पाहिले. कुठल्या गावाला कधी पूर येईल ते माझ्या कागदावरून ठरायचं. तिथे कधी कोणी 'नवऱ्याला विचारलंस का' असं विचारलं नव्हतं. इथे उत्तरेच्या डोंगरांत येऊन तीन वर्षं झाली, आणि हा माणूस मला अजून 'लास' म्हणतो. म्हणजे 'पोरी'! मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

निर्णय मी हवेत घेतलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ऑगस्टच्या शेवटी यशोधन शेतावरची चारचाकी क्वाड बाईक उलटून तिच्याखाली सापडला. कंबरेचं आणि मांडीचं हाड मोडलं. एकशे अठ्ठावीस मेंढ्यांचा हिवाळा मी, चौदा वर्षांची अन्वी आणि एक कुत्रा यांनी काढणं अशक्य आहे. मी तक्ता केला: वय, दात, तीन वर्षांत दिलेली कोकरं, औषधपाणी. दात गेलेल्या आणि कोकरं कमी देणाऱ्या बरोबर अडतीस निघाल्या. गंमत म्हणजे त्या सगळ्या फार्मबरोबर आलेल्या, जुन्या. आम्ही स्वतः आणलेल्या नव्वद तरुण मेंढ्यांतली एकही त्यांत नाही. आकडे इतके स्वच्छ क्वचित येतात.

यादीत सगळ्यात वर ४१७ नंबरच्या बिल्ल्याची मेंढी होती. फाटका कान, तीन वर्षांत एकच कोकरू. ट्रेलरमध्ये चढताना ती अडली नाही. सरळ चढली.

रविवार, ६ ऑक्टोबर

हॉस्पिटल. यशोधनला अजून वेदनाशामकांची गुंगी असते. मी म्हटलं, "दात गेलेल्या काढून टाकल्या."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग म्हणाला, "अन्वी, नळांना पाणी घाल." नळांना पाणी म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही.

अन्वी हसायला लागली. तिचं मराठी असंच, इंग्लंडात वाढलेलं. "बाबा, तुझा डोकं पण पडला काय गाडीवरून?"

किती काढल्या ते मी सांगितलं नाही. सांगणार होते, तेवढ्यात नर्स आली. पुढच्या वेळी सांगेन. पण त्याने 'बरं केलंस' म्हटलं, हे खरं आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

संतापाने बूटही न काढता लिहायला बसलेय. अक्षर वाईट येणार आहे.

दुपारी घळीच्या वर गेले तर मॉसपचा कुत्रा माझ्या मेंढ्या हाकत होता. माझ्या! डाव्या खांद्यावर निळा पट्टा, उजव्या कुल्ल्यावर लाल ठिपका. ही खूण या फार्मची आहे आणि ती खोऱ्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीस-पस्तीस मेंढ्या दगडांवरून धावत होत्या, आणि हा काठीवर हनुवटी टेकून उभा.

मी ओरडले, "मिस्टर मॉसप! त्या माझ्या आहेत!"

"आहेत," तो म्हणाला.

"मग तुमचा कुत्रा त्यांच्या मागे कशाला?"

"माझ्या जागेत आहेत, लास. परत पाठवतोय."

"तुमची जागा? इथे कुठे भिंत आहे?"

त्याने डोंगराकडे पाहिलं, जणू मी विचारल्यामुळे त्याला पहिल्यांदाच तपासायचं होतं. "नाही. भिंत नाही," म्हणाला. आणि कुत्र्याला शीळ घातली.

मला वेडी समजतात का हे लोक? या डोंगराला कुंपण नाही, पण मेंढ्यांना आपापली जागा कळते, हे मलाही माहीत आहे. यशोधन फार्म घेतल्यापासून सांगतो. तीन वर्षं आमच्या मेंढ्या आमच्या बाजूला राहिल्या. यशोधन पडला आणि त्या अचानक पूर्वेला जायला लागल्या. मेंढ्या त्याच, डोंगर तोच. बदललं काय? फार्मवर आता एक बाई एकटी आहे, एवढंच. त्यांना कोणीतरी तिकडे ओढतंय. आधी न्यायचं, मग हाकायचं, मग म्हणायचं की यांना कळप सांभाळता येत नाही.

हा निष्कर्ष घाईचा आहे का? असेल. उद्यापासून रोजची नोंद ठेवते. नोंद खोटं बोलत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सात दिवसांची नोंद. आमच्या बाजूला आढळलेल्या: ७१, ६८, ७०, ६२, ६०, ५७, ५५. उतार कोणालाही दिसेल.

आज एस्टेटचं पत्र आलं. जमीन त्यांची, आम्ही कुळं. त्यांची एजंटबाई लिहिते की 'शेजारच्या हक्कदारांकडून चिंता व्यक्त झाली आहे'. करारानुसार कळप आपल्या जागी ठेवणं ही आमची जबाबदारी आहे. ती वीस जानेवारीला स्वतः डोंगर चालून पाहणार, आणि कळप जागेवर नसेल तर पहिल्या मुदतीनंतर करार वाढवायचा की नाही याचा 'पुनर्विचार' करावा लागेल.

यशोधनने जनावरांचा डॉक्टर म्हणून सतरा वर्षं दुसऱ्यांच्या गायींच्या पोटात हात घातले. बावीस अर्जांतून त्याला हे फार्म मिळालं. मी नोकरी सोडली, अन्वीने तिथली शाळा सोडली. आणि शेजाऱ्यांना 'चिंता' वाटते! चिंता वाटते तर दार ठोठावावं. अंगणातून आमचा दिवा दिसतो त्याला.

रविवार, ३ नोव्हेंबर

डोंगरावरच्या सगळ्या मेंढ्या खाली आणायचा दिवस. कळपात नर मेंढे सोडायच्या आधी हे दर वर्षी करतात, मग जानेवारीपर्यंत मेंढ्या खालच्या शेतांत राहतात. आम्हाला अठ्ठेचाळीस सापडल्या. माझी मैत्रीण वैभवी हिने रीडिंगहून दिवाळीचा फराळ पाठवला होता तो कालच आला. मी आणि अन्वीने घळीत बसून चकल्या खाल्ल्या. कुत्र्यालाही दिली.

"आई, आपला मेंढी सगळी मॉसपकडे का जातात?" अन्वीने विचारलं. "त्याचा गवत जास्त गोड हाय?"

घरी आलो तर फोनवर त्याचा निरोप. "तुझ्या छत्तीस माझ्या वाड्यात आहेत. ने येऊन." नमस्कार नाही, काही नाही. तीन फेऱ्या केल्या. तो प्रत्येक वेळी फाटक उघडायचा आणि प्रत्येक मेंढी जाताना तोंडातल्या तोंडात मोजायचा. छत्तीस. एकही कमी नाही. उद्या कोणाला सांगायला बरं: पाहा, मी किती प्रामाणिक.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सापडलं.

अन्वीला बसवर सोडून येताना खालच्या रस्त्याने आले. तो रस्ता मी कधी घेत नाही. मॉसपच्या ओढ्याकाठच्या शेतात, भिंतीच्या आडोशाला, माझी खूण! निळा पट्टा, लाल ठिपका. गाडी थांबवून मोजल्या. तेवीस. जवळून पाहायला भिंतीवर चढले, आणि त्यांत फाटक्या कानाची होती. ४१७. मी मार्टमध्ये विकलेली मेंढी, माझ्याच खुणेची, मॉसपच्या शेतात चरतेय.

विकत घेतल्या असतील तर त्याने स्वतःची खूण का नाही लावली? घेतल्या दिवशी खूण बदलतात इथे. बदलली नाही, कारण त्यांना 'माझ्या' म्हणून वापरायचं असेल. यांना डोंगरावर सोडायचं, माझा कळप यांच्यामागे जातो, आणि सगळ्यांना दाखवायचं की बघा, हिच्या मेंढ्या माझ्या जागेत. इतकं सरळ आहे!

वैभवीला फोन केला. ती म्हणाली, "अगं मीनाक्षी, तू पोलिसांना सांग. नाहीतर हे लोक तुला गिळतील." तिला मेंढ्यांतलं काही कळत नाही. पण मला जे ऐकायचं होतं ते ती बोलली. हेही लिहून ठेवते.

गुरं-मेंढ्यांच्या चोऱ्या पाहणाऱ्या पोलिसाला फोन केला. डोंगरावर चारायचा हक्क असणाऱ्यांची समिती आहे, तिच्या चिटणीसाला दोन पानी पत्र लिहिलं. तारखा, आकडे, फोटो. 'चोरी' हा शब्द वापरायचा की नाही यावर अर्धा तास विचार केला. वापरला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पोलिसाचा फोन. तरुण आवाज, फार सभ्य. "मॅडम, त्यांच्याकडे मार्टची पावती आहे. अठ्ठावीस सप्टेंबरची. सगळं व्यवस्थित आहे."

"मग खूण का नाही बदलली?"

"ते मी विचारलं. ते म्हणाले, 'गरज वाटली नाही.'"

गरज वाटली नाही! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. चूक माझी झाली, हे मान्य. तेवीस मेंढ्यांपुरती मान्य. पण बाकीचं? माझ्या तरुण मेंढ्या पूर्वेला का जातात याचं उत्तर कोण देणार?

शनिवार, १६ नोव्हेंबर

शेफर्ड्स मीट. वर्षातून एकदा सगळे मेंढपाळ पबच्या अंगणात जमतात. ज्याच्याकडे दुसऱ्याच्या भरकटलेल्या मेंढ्या आल्या असतील त्याने त्या आणून परत द्यायच्या. जाड वहीत नोंद होते. मग मटणाची 'पाई' आणि वाटाणे खायचे, गाणी म्हणायची.

मॉसपने उशिरा सापडलेल्या माझ्या सहा आणल्या होत्या. वाटाणे देणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पत्राचं माहीत होतं. मी गेले तिथे बाक रिकामा व्हायचा. मॉसप कोपऱ्यात बसला होता. मला वाटलं हा काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, निदान पाहील तरी. त्याने सहा मेंढ्यांची नोंद करून घेतली, पेला संपवला आणि गेला.

गुन्हेगारासारखं मला वाटावं, हा कुठला न्याय?

गुरुवार, २१ नोव्हेंबर

यशोधन घरी आला. कुबड्या, पण घरी. अन्वीने दारात फुगे लावले. तो आधी कुत्र्याला भेटला, मग आम्हाला.

जेवण झाल्यावर म्हणाला, "काढलेल्यांची यादी दाखव ना."

मी तक्ता दाखवला. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. तो बोट ठेवून एकेक आकडा वाचत गेला.

"चारशे सतरा पण?"

"तीन वर्षांत एकच कोकरू दिलंय तिनं."

"हो." पुन्हा वाचायला लागला. शेवटपर्यंत गेला. "मीनू, या अडतीसच्या अडतीस?"

"मी तुला सांगितलं होतं हॉस्पिटलमध्ये."

"दात गेलेल्या म्हणालीस. मला वाटलं पाच-सहा." त्याने कागद उलटा ठेवला. "उरलेल्या नव्वदांना हा डोंगर कोणी दाखवला असं वाटतं तुला?"

मला प्रश्नच कळला नाही.

"त्या नव्वद मी दुसऱ्या डोंगरावरून आणल्या. त्यांना इथलं काय माहीत? या अडतीसांबरोबर सोडल्या म्हणून राहिल्या. म्हातारी जिथे बसते तिथे नवी बसते. वारा फिरला की कुठल्या घळीत शिरायचं, बर्फात कुठे गवत उघडं राहतं, हे आई कोकराला शिकवते, ते कोकरू मोठं होऊन पुढच्याला. इथे सगळे म्हणतात मेंढीला जागा कळते. कळते ती अशी. पाच-सहा वर्षं लागतात. आपली तीनच झाली होती." मग हळू म्हणाला, "कुंपण त्याच होत्या गं."

मी ओरडले. तो आजारी आहे, आजच घरी आलाय, तरी ओरडले. "आणि हे कुठे लिहिलंय? करारात आहे? तुझ्या वहीत आहे? तीन वर्षं मी तुझा सगळा हिशेब ठेवते, दाताचा, खुराचा, जंताच्या औषधाचा. एक रकाना 'ही कुंपण आहे' असा करून द्यायला काय झालं होतं?"

"मला वाटलं तुला माहीतच आहे."

"कसं माहीत असणार? मी भर शहरात, कसब्यात वाढले!"

वरून अन्वीचा आवाज आला, "तुम्ही भांडतो काय?"

"नाही," दोघंही म्हणालो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

झोप नाही. राग कोणाचा आहे ते तपासून पाहत होते. यशोधनचा आहे. मार्टमधल्या त्या सगळ्या मान हलवणाऱ्यांचा आहे, कारण अडतीस म्हाताऱ्या एकदम रिंगणात आल्या तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाला कळलं असणार. त्यांनी पाहिलं आणि आपसात बोलले. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं नाही, आणि मग एजंटला 'चिंता' कळवायची, ही कुठली रीत?

मग ही वही चाळली. अठ्ठावीस सप्टेंबर. "सगळ्याच?" त्याने विचारलं होतं. "यशला माहीत आहे?"

दोन प्रश्न. मी दोन्ही माझ्याच हाताने लिहून ठेवलेत आणि दोन्हींच्या खाली स्वतःच्या नोकरीची चौदा वर्षं लिहिलीत.

तरीही! चार शब्दांत? एवढी गोष्ट माणूस चार शब्दांत सांगतो?

शनिवार, ३० नोव्हेंबर

मॉसपकडे गेले. माफीचं पत्र तयार करून नेलं होतं. त्याने दारातच उभं केलं. मी वाचायला लागले: "त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे माझ्याकडून..."

"हे विम्याचं पत्र आहे," तो म्हणाला.

मी कागद खिशात घातला. "माझी चूक झाली. मी तुम्हाला चोर म्हटलं. मला माफ करा."

त्याने माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. मग बोलला, आणि इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या आजोबाची खूण त्या वहीत आहे. या अंगणात पोलिसाची गाडी कधी आली नव्हती. माझ्या वाटेने सगळं खोरं जातं दूध आणायला, त्या सगळ्यांनी पाहिली. आणि तू मला दारात येऊन कानात माफी मागतेस."

"मग काय करू?"

"जिथे म्हटलंस तिथे सांग."

मी विचारलं, त्या तेवीस घेतल्या कशासाठी. "ट्रकमध्ये चढून खाली गेल्या असत्या तर संपलं होतं," तो म्हणाला. "मग तुझ्या नव्वद जन्मभर माझं गवत खाणार. मी काही धर्मादाय संस्था नाही. पंधरा दुसऱ्यांनी नेल्या, तेवीस मिळाल्या."

"आम्हाला परत द्याल?"

"माझ्या आहेत. पावती आहे. पोलिसाने पाहिलीये."

दार लावलं. माफी मागून येताना इतका राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं, पूर्ण चुकलं. पण जो माणूस सप्टेंबरातच सगळं ओळखून मेंढ्या विकत घेऊन ठेवतो, तो त्याच संध्याकाळी आमच्या दारात येऊन एवढं सांगू शकत नव्हता?

आणि आला असता तर मी ऐकलं असतं का? याचं उत्तर मला इथे लिहायचं नाहीये. नसतं ऐकलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

समितीची बैठक, गावच्या हॉलमध्ये. सव्वीस माणसं, एक हीटर. यशोधन म्हणाला, "मी येतो सोबत." मी नको म्हटलं.

उभी राहिले. "मिस्टर मॉसप यांच्याविषयी मी पाच नोव्हेंबरला जे लिहिलं ते खोटं होतं. ते मी मागे घेते. माझ्या मेंढ्या त्यांच्या जागेत गेल्या, कारण मी माझ्या सगळ्या जुन्या मेंढ्या विकल्या. जुन्या मेंढ्या काय करतात हे मला माहीत नव्हतं." इथे थांबायचं ठरलं होतं. थांबले नाही. "पण तुम्हाला माहीत होतं. मार्टमध्ये तुमच्यातले निदान दहा जण होते. मला येत नव्हतं ही माझी चूक. मला सांगितलं नाहीत ही कोणाची?"

 मग मागून एका बाईचा आवाज आला. ती शेजारच्या खोऱ्यातून इथे लग्न करून आली, त्याला चाळीस वर्षं झाली. "मलाही माझ्या सासऱ्याने कधी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "मेला बिचारा. अजून मला काही कळत नाही." लोक हसले. तिचा नवरा खाली पाहत होता.

चिटणीसाने नोंद घेतली. मॉसप हीटरजवळ बसला होता. जाताना मला म्हणाला, "पाच जानेवारीला वर सोडणार?"

"हो."

"हं," म्हणाला.

रविवार, ५ जानेवारी

मेंढ्यांना डोंगरावर सोडलं. फाटक उघडलं आणि सगळ्या नव्वद तोंड पूर्वेला करून चालायला लागल्या, जणू तिकिटं काढलेली. मी, अन्वी आणि कुत्रा त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिलो. परत फिरवलं. दहा मिनिटांनी पुन्हा. दिवसभर हेच. यशोधन दुर्बीण घेऊन गाडीत बसला होता आणि फोनवर सूचना देत होता, म्हणून मी फोन बंद केला.

एजंटबाई यायला पंधरा दिवस आहेत. माणसाने रोज उभं राहून मेंढ्या शिकवायच्या म्हटलं तर यशोधनच्या मते दोन वर्षं.

मंगळवार, ७ जानेवारी

वर गेले, सगळ्या तिकडेच असणार म्हणून सरळ पूर्वेला निघाले होते. घळीशी थबकले.

घळीच्या पश्चिमेला, मोठ्या खडकाच्या आडोशाला, ४१७ पाय मुडपून बसली होती. रवंथ करत होती. तिच्याभोवती बाकीच्या म्हाताऱ्या. आणि त्यांच्या मागे, पुढे, वर, माझ्या तरुण मेंढ्या. काही उभ्या, काही बसलेल्या. पूर्वेचा वारा बोचरा होता आणि त्या खडकामागे तो लागतच नव्हता. तीन वर्षं मी या जागेवरून जाते. तिथे वारा लागत नाही हे मला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्या मोजल्या. तेवीस. आता त्यांच्या अंगावर नवी खूण होती. हिरवी. मॉसपची.

त्याला फोन केला. "मिस्टर मॉसप, तुमच्या मेंढ्या आमच्या जागेत आल्यात."

"हो का?" तो म्हणाला. आणि मग, "तिथे भिंत नाही ना."

सोमवार, २० जानेवारी

एजंटबाई आली. नवे कोरे बूट, हातात टॅबलेट. यशोधन काठी टेकत पहिल्या फाटकापर्यंत आला, पुढे मी नेलं. मॉसप त्याच्या बाजूने वर आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

घळीपाशी तिने मोजल्या. नव्वदांतल्या सत्त्याऐंशी. तीन खाली लंगड्या आहेत, त्या मी आधीच दाखवल्या होत्या. तिने भुवया उंचावल्या. मग बोट दाखवलं. "आणि त्या हिरव्या?"

"माझ्या," मॉसप म्हणाला.

"मग इथे काय करतायत?"

"भरकटल्या."

तिने टॅबलेटवर काहीतरी उघडलं. "सगळ्या तेवीस? एकदम?"

"भरकटतात कधी कधी. म्हाताऱ्या आहेत."

"परत नेणार आहात ना?"

"नेईन की. भरकटलेल्या मीटला परत देतात." बोटांवर महिने मोजल्यासारखं केलं. "नोव्हेंबरात."

बाई माझ्याकडे वळली. "तुमची तक्रार नाही? आमच्या नोंदीसाठी विचारते. या भरकटलेल्या आहेत, असंच लिहू ना मी?"

मी आजवर कुठल्याही फॉर्मवर जे खरं नाही ते लिहिलेलं नाही. व्हिसाच्या फॉर्मवर नाही, टॅक्सच्या नाही. अन्वीच्या शाळेने घरापासूनचं अंतर विचारलं तेव्हा मी चालत मोजून आले होते. मॉसप डोंगराकडे पाहत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. ४१७ उठली, अंग झाडलं, वर चालायला लागली, आणि तिच्यामागे तरुण मेंढ्यांची ओळ लागली.

"हो," मी म्हटलं. "भरकटलेल्या आहेत."

बाईने लिहून घेतलं.

ती उतरून गेल्यावर मी मॉसपला म्हटलं, "तुम्ही हे मला आधी सांगू शकला असतात. नोव्हेंबरात, दारातच. मी दोन महिने झोपले नाहीये!"

"तू विचारलंस, परत द्याल का. परत नाहीच दिल्या," तो म्हणाला. "यशला सांग, चारशे सतराला गरम खुराक घालू नको. तिला पचत नाही." आणि शीळ घालून कुत्र्याला बोलावलं.

घरी येऊन तक्त्यात तेवीस ओळी पुन्हा घातल्या. मालक: मॉसप. कोकरं, दात, वय, सगळं पूर्वीचंच. शेवटी एक नवा रकाना केला आणि त्याला काय नाव द्यायचं ते सुचेना. अन्वी मागे उभी होती. "आई, तुझा चेहरा रागवलाय अजून," ती म्हणाली.

रागावलेलीच आहे. नोव्हेंबरात मीटला तेवीस मेंढ्या परत न्यायच्या आहेत, आणि हा माणूस त्या पुन्हा भरकटू देईल की नाही हे मला सांगणार नाही. या वेळी मी विचारणार आहे. पूर्ण वाक्यात, सगळ्यांसमोर.